पेवात सोडलेली बॅटरी

कार्तिकातला दुसरा रविवार, सकाळी साडेआठची वेळ. सौदा बारा क्विंटल ज्वारीचा, क्विंटलला तीन हजार शंभर रुपयांप्रमाणे सदतीस हजार दोनशे. त्यातले पाच हजार इसार म्हणून आदल्या आठवड्यात मिळालेले. हजर माणसं सहा: माझा थोरला भाऊ, वहिनी, मी, दहावीत शिकणारी माझी मुलगी, आदिलाबादहून पिकअप घेऊन आलेला व्यापारी आणि त्याच्यासोबतचा हमाल. माझी बायको माहेरी गेली होती. थोरल्या भावाला मी दादा म्हणायचो आणि मुलगी मोठे बाबा. आमची दोन घरं लागून आहेत, अंगण एकच. त्या दिवशी अंगणातलं पेव उपसायचं होतं.

एवढं आधी लिहून ठेवतो, कारण नंतर गावात या गोष्टीचे बरेच प्रकार झाले. कोणी ज्वारी वीस क्विंटल केली, कोणी पेवात नाग घातला, कोणी आमच्या घराण्याला शाप लावला. मी तिथे होतो, त्यामुळे जेवढं झालं तेवढंच लिहितो.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. आमचं नऊ हात खोल. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, खाली रांजणासारखं फुगलेलं. आतून शेणमातीने सारवलेलं, तळाला आणि कडेने कडबा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ज्वारी भरायची, वर दगडी झाकण ठेवायचं आणि झाकणाच्या कडा चिखलाने लिंपून टाकायच्या. पावसाळा सरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गावात आता अशी दोनच पेवं उरली होती. बाकीच्यांनी पत्र्याच्या कोठ्या घेतल्या. कोठीतल्या धान्याला किडा लागतो म्हणून त्यात औषधाच्या गोळ्या ठेवाव्या लागतात, आणि दादाला त्या गोळ्यांचा भारी राग. माझ्या ज्वारीत गोळी नाही, हे तो भेटेल त्याला सांगायचा. ते खरंही होतं. पेवातल्या ज्वारीला किडा लागत नसे, आणि व्यापारी त्यासाठीच क्विंटलमागे दोनशे रुपये जास्त द्यायला तयार झाला होता. किडा का लागत नाही, हे मात्र आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं.

पेव उघडण्याची रीत ठरलेली होती. आदल्या संध्याकाळी झाकण काढायचं आणि रात्रभर तोंड उघडं ठेवायचं. सकाळी दोरीला पेटता कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा आणि शंभर मोजायचे. कंदील जळत राहिला तर हात जोडून उतरायचं. विझला तर पेवाची वाफ अजून गेली नाही असं समजून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. वडिलांनी ही रीत दादाला शिकवली होती. दादाने ती एकदाही मोडली नाही. त्या रविवारीही आपण मोडली नाही, असंच त्याला वाटत होतं.

आता मुलीच्या अभ्यासाचं सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्याच्या अलीकडे हायवेला लागून माझं किराणा दुकान आहे. मुलगी सातवीपर्यंत मराठी माध्यमात होती, आठवीपासून इंग्रजीत गेली. फिजिक्स आणि बायोलॉजीचे पाठ ती घडाघडा म्हणायची, पण तिला ते समजलेत की नुसते पाठ झालेत हे मला कळायचं नाही, कारण मला इंग्रजी येत नाही. म्हणून मी एक नियम केला. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की तिने काउंटरपाशी बसायचं आणि शाळेत झालेला पाठ मला आपल्या भाषेत सांगायचा. मला समजला तर तिला समजला असं धरायचं.

दुकान त्या कामाला सोयीचं निघालं. माळ्यावरचा जुना तराजू काढून तिने मला दाखवलं की दांडीच्या मध्यापासून दुप्पट लांब टांगलेलं एक किलो, जवळ टांगलेल्या दोन किलोला तोलून धरतं. मी वीस वर्षं तराजू धरला होता, पण हे कधी करून पाहिलं नव्हतं. मनुके तिने साध्या पाण्यात टाकले, ते सकाळी टम्म फुगले. मग तेच मनुके दाट मिठाच्या पाण्यात टाकले, ते आक्रसले. सालीतून पाणी जातं, पण मीठ-साखर सहजी जात नाही, आणि पाणी नेहमी पातळाकडून घट्टाकडे जातं, असं तिने सांगितलं. मी म्हणालो, म्हणून लोणच्याला पाणी सुटतं. ती म्हणाली, हो, आणि म्हणूनच बुडाशी युरिया जास्त पडला की पऱ्हाटी मान टाकते. कापसाच्या रोपाचं ते मला माहीत होतं. त्यामागे मनुक्याचंच कारण असेल हे माहीत नव्हतं.

दादा तंबाखूच्या पुडीसाठी यायचा आणि पाठ ऐकत बसायचा. दिवाळीआधी तिने गोळ्या-बिस्किटांच्या दोन रिकाम्या बरण्या मागून घेतल्या. एकीत मोड आलेली मटकी, दुसरीत उकडलेली. दोन्हींत एकेक वाटी चुन्याची निवळी ठेवून झाकणं घट्ट लावली. दुसऱ्या दिवशी मोड आलेल्या मटकीपाशी ठेवलेली निवळी दुधाळ झाली होती. उकडलेल्या मटकीपाशी ठेवलेली जशीच्या तशी होती. दादाने बरणी हातात घेऊन उजेडात धरली.

"म्हणजे मटकी दम टाकते?"

"हो, मोठे बाबा. आपण जो वायू बाहेर टाकतो तोच. म्हणून निवळी पांढरी झाली. उकडलेली मेली, तिचं बंद झालं."

"अन् वाळलेला दाणा?"

"तो झोपेत असते. दम घेते, पण लय हळू. ओल लागली की जोरात."

दादाने बरणी काउंटरवर ठेवली. "मंग आमच्या पेवात बारा क्विंटल घोरून राह्यले म्हणायचे."

आम्ही सगळे हसलो, मुलगी सर्वांत जास्त. दादाने पुडी घेतली आणि जाताना तिला म्हणाला की परीक्षेत मटकीचं आलं तर माझं नाव लिही. त्या हसण्यापाशी तो पाठ संपला. बरण्या घासून मी परत मांडणीवर ठेवल्या.

त्या वर्षी पाऊस दसऱ्यानंतरही रेंगाळला. पेवाच्या एका बाजूने ओल आत शिरली असावी, कारण शनिवारी संध्याकाळी झाकण काढलं तेव्हा आंबूस वास आला. दादा म्हणाला, कडेचा कडबा सडला असेल, दोन-चार पायल्या वाया जातील. ज्वारी तळाशी तीन हात होती, वर सहा हात पोकळी. रात्रभर तोंड उघडं राहिलं.

सकाळी कंदील खुंटीवर होता, पण कोरडा. रेशनचं घासलेट बंद होऊन बरीच वर्षं झाली. दादाने एक बाटली पेवासाठी राखून ठेवली होती, ती मागच्या खेपेला संपली. व्यापारी अंगणात येऊन उभा होता, त्याला दुपारच्या आत परतायचं होतं. तेव्हा दादाने रानात पाणी द्यायला जाताना नेतो ती चार्जिंगची बॅटरी आणली, दोरीला बांधली आणि कंदील सोडायचा तशीच सोडली. बॅटरी तळाला टेकली. उजेड तेवढाच लख्ख. दादाने शंभर मोजले. मी शेजारी उभा होतो, मलाही काही खटकलं नाही. दिवा सोडला आणि दिवा जळतो आहे, एवढंच डोळ्यांना दिसत होतं. धान्यावर चपलेने जात नाहीत, म्हणून त्याने चपला काढून बाजूला जोडीने ठेवल्या. हात जोडले, टोपली खांद्याला अडकवली आणि शिडीने उतरला.

मुलगी चहा घेऊन आली. पेवाकडे पाहून तिने सहज विचारलं, "कंदील टिकला का, बाबा?"

मी म्हणालो, कंदील नाही, बॅटरी सोडली.

तिने ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला आणि पेवाच्या तोंडाशी गेली. "मोठे बाबा, वर या. आत्ताच्या आत्ता वर या." खालून टोपली घासल्यासारखा आवाज आला, मग काहीच नाही. मी वाकून पाहिलं. बॅटरीच्या उजेडात दादा ज्वारीवर एका कुशीला पडला होता. हात पोटाशी, जसा दुपारी झोपायचा तसा.

वहिनी सर्वांच्या आधी पुढे झाली. हाका मारत तिने एक पाय शिडीवर टाकला. मुलीने तिला मागून कमरेला धरून ओढलं, दोघी जमिनीवर पडल्या. पोरगी उठली आणि तिने शिडी वर ओढून घेतली. आमची शिडी बांबूची, हलकी. मी ती तिच्या हातातून घ्यायला गेलो तर ती शिडीवर आडवी पडली.

"सोड. माझा भाऊ हाय खाली."

"बाबा, खाली आपल्या कामाची हवा नाही. बॅटरीले हवा लागत नाही, म्हणून ते जळून राह्यली. तुमी बी पडले तं मी दोघांले कशी काढू?"

माझ्या हाती शिडीचं एक टोक होतं आणि मी ते ओढत होतो, हे मला आठवतं. ती रडत नव्हती. तिने व्यापाऱ्याला तुळशीपाशी जळत असलेला दिवा आणायला सांगितलं. तो दिवा स्टीलच्या डब्यात ठेवून सुतळीने खाली सोडला. पेवाची मान संपली तिथेच, आमच्या डोळ्यांदेखत, वाऱ्याची झुळूक नसताना ज्योत बारीक झाली आणि गेली. तेव्हा मी शिडी सोडली.

गोठ्यात सोयाबीन उफणायचा विजेचा पंखा होता. तो ओढून आणला, वायर जोडली, ताडपत्रीची गुंडाळी करून तिचं एक टोक पंख्याला आणि दुसरं खाली ज्वारीपर्यंत. व्यापारी एकशे आठला फोन करत होता. आम्ही दिवा सोडत होतो, तो विझत होता, वर घेऊन पुन्हा पेटवत होतो. शेवटी तो ज्वारीला टेकूनही जळत राहिला. मग हमालाने छातीला दोर बांधून घेतला आणि उतरला. त्याने दादाला दुसऱ्या दोराने बांधलं, वरून आम्ही तिघांनी ओढलं. हे सगळं व्हायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ गेला. इतक्या वेळात वहिनी ओट्याच्या पायरीशी कपाळ आपटत होती. तिने दिवा पाहिला नाही. तिने पाहिलं ते एकच, की पोरीने शिडी ओढून घेतली.

दादा गेलेला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अशा हवेत दोन-चार श्वासांत शुद्ध जाते आणि काही मिनिटांत सगळं आटोपतं. मी त्यांना शिडीचं सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही उतरला असता तर आज मला दोघांचे कागद करावे लागले असते.

मी ते घरी येऊन सांगितलं. पण त्या घरात तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं.

भेटायला येणाऱ्या बायका वहिनीपाशी बसायच्या. ती मोठ्याने बोलली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. येणाऱ्या प्रत्येकीला तेच, त्याच आवाजात सांगायची. "पोरीनं शिडी ओढली. माह्या माणसाची शिडी ओढली." एकदा मुलगी चहाचे कप घेऊन दारात उभी असताना ती हेच बोलली. मुलीने कप ठेवले आणि आमच्या घरात निघून आली. त्यानंतर ती अंगणाच्या त्या बाजूला गेली नाही. वहिनीला मूलबाळ नाही. ही पोर लहानपणी जेवायला आमच्यात कमी आणि तिच्याकडे जास्त असायची.

तेराव्यानंतर दुकान उघडलं. मुलगी शाळेत जात होती, पण संध्याकाळी दुकानात येईना. मी बोलावून घेतलं आणि आजचा पाठ काय म्हणून विचारलं. तिने मांडणीकडे पाहिलं. तिथे त्या दोन बरण्या होत्या, एकीत लिमलेटच्या गोळ्या भरून झाल्या होत्या.

"बाबा, मले माहीत होतं. दाणा दम टाकते, ओल लागली की जोरात टाकते, हे मीच त्यांले सांगितलं. ते पेव म्हणाले बी. अन् मी हसली."

मी तिला म्हणालो की पेवातल्या हवेचा विचार कोणीच केला नाही. ना दादाने, ना मी, ना आमच्या वडिलांनी. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. मग तिने सांगितलं की परीक्षेची फी भरायची नोटीस लागली आहे आणि ती भरणार नाही. सायन्सचं पुस्तक उघडलं की तिला पेवाचं तोंड दिसतं. तो पेपर ती लिहू शकणार नाही, आणि एक पेपर सोडून दहावी होत नसते. मी समजावलं, तिच्या आईने समजावलं. शेवटच्या तारखेला शाळेतल्या बाईंचा फोन आला. मी फी द्यायला निघालो तर मुलगी म्हणाली, भरा, पण मी बसणार नाही. मी परत खुर्चीत बसलो. फी भरून परीक्षा होत नाही, बसणारा पाहिजे.

मी हिशेबी माणूस आहे. अडलेली गोष्ट कुठे अडली आहे ते शोधतो. ही वहिनीपाशी अडली होती. म्हणून मी एका सकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि तुळशीचा दिवा कसा विझला, कुठे विझला, किती वेळा विझला, ते सगळं तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"दिवा इझला म्हनून मानूस इझते का, भाऊजी? मानसाले काय वात असते?"

मी ओट्यावरून उठलो. दुकानात येऊन दिवसभर तोच प्रश्न डोक्यात राहिला. उत्तर मुलीच्याच पाठांत होतं, तुकड्या-तुकड्यांत. दिव्यात तेल जळतं, त्याला हवेतला प्राणवायू लागतो. आपल्या अंगात भाकरीची साखर जळते, ज्योत न होता, फार हळू. त्यालाही तोच प्राणवायू लागतो. म्हणूनच अंग गरम असतं. पेवातला ज्वारीचा दाणाही तेच करत होता. बंद पेवात बारा क्विंटल दाण्यांनी, ओलीमुळे कडेला धरलेल्या बुरशीने, सात-आठ महिने तेच केलं. प्राणवायू संपवला आणि दुसरा वायू सोडला, ज्याला ना वास ना रंग. तो हवेपेक्षा जड असतो. त्यामुळे रात्रभर तोंड उघडं ठेवलं तरी तो घागरीतल्या पाण्यासारखा खालीच बसून राहिला. किडा मरत होता तो याच वायूने. दादाच्या ज्वारीत गोळी नव्हती, पण पेवच गोळीचं काम करत होतं. आणि बॅटरीच्या आतला मसाला आपली वीज आपण तयार करतो, तिला बाहेरची हवा लागतच नाही. ती समुद्राच्या तळाशीही जळेल. कंदील विझत होता कारण तो आमच्यासारखा होता. आम्ही त्याच्या जागी आमच्यासारखं नसलेलं काहीतरी पाठवलं.

हे मला समजलं, पण वहिनीला सांगायला माझी जीभ उचलेना. सांगितलं असतं तरी तिने ते दिराचं बोलणं म्हणून ऐकलं असतं.

मार्गशीर्षात वहिनीने निरोप दिला की पेव उपसून बुजवून टाकायचं, ज्वारी घरात आणायची नाही. ज्या दिवशी ते झालं त्याच दिवशी आम्ही तोंडावर दगड ठेवून कडा लिंपल्या होत्या. मी तोच हमाल बोलावला, पंखा आणि ताडपत्री तयार ठेवली. सकाळी झाकण सरकवलं. मी पंखा लावायला वाकलो तेवढ्यात वहिनी ओट्यावरून उतरली.

"थांबा, भाऊजी. पंखा लावू नका. दिवा मी सोडते."

तिने देवघरातून निरांजन आणलं. मी ते डब्यात ठेवून दिलं, सुतळीला हाता-हातावर गाठी मारून दिल्या आणि मागे सरलो. ती पेवाच्या तोंडाशी बसली आणि सुतळी सोडू लागली. दुसरी गाठ तिच्या बोटांतून गेली आणि दिवा विझला. तिने वर ओढला, काडी ओढून पेटवला, पदराने आडोसा धरला आणि पुन्हा सोडला. दुसऱ्या गाठीपाशी पुन्हा गेला. तिसऱ्यांदा तिने फार हळू सोडला, जसं झोपलेलं मूल खाली ठेवतात. पहिल्या गाठीपाशी ज्योत सरळ होती. दुसऱ्या गाठीपाशी ती वातीवरून उठली, क्षणभर तरंगली आणि गेली. धूर मात्र तिथेच पसरून राहिला.

मग ती म्हणाली, "बॅटरी द्या."

बॅटरी तीच होती. मी चार्ज करून ठेवली होती, का ते सांगता येणार नाही. ती तिने तळापर्यंत सोडली. उजेड जसाच्या तसा राहिला, आणि त्या उजेडात ज्वारीवर पडलेली दादाची दस्ती दिसली, डोक्याला बांधायचा तो पांढरा कपडा. त्या दिवशी घाईत ती खालीच राहिली होती. वहिनी ती पाहत राहिली.

थोड्या वेळाने तिने मान न वळवता मुलीला हाक मारली. मुलगी आमच्या दारात उभी होती. ती आली आणि थोडं अंतर ठेवून बसली.

"काऊन इझते तो? तू मले सांग. दुकानात तुह्या बापाले सांगते तसं सांग."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग पेवाकडे. महिनाभर तिने एकही पाठ सांगितला नव्हता. मग तिने सांगितलं. दाणा, दिवा आणि माणूस, तिघांना एकच हवा लागते. दाण्याने ती आधीच संपवली होती. जी उरली ती जड आहे, म्हणून वर येत नाही. वहिनी मध्येच थांबवून विचारत होती, आणि मुलगी मागे जाऊन पुन्हा सांगत होती. मला ठाऊक आहे की मी कधी इतक्या नेटाने ऐकलं नाही.

"त्यांले तरास झाला असंल का?"

मी मनात म्हणालो, नाही म्हण. मुलीने तसं म्हटलं नाही.

"दम लागला असंल, मोठी आई. डोकं गरगरलं असंल. पण लय थोडा वेळ. मंग शुद्ध राहत नाही."

"अन् मी उतरली असती तं?"

"तुमी बी तिथंच पडल्या असत्या. त्यांच्या बाजूले."

वहिनीने सुतळी गोळा केली, बॅटरी वर आली, ती बटण दाबून बंद केली आणि मांडीवर ठेवली. मग पंखा लावायला हाताने खूण केली. पंख्याच्या आवाजात तिने मुलीला काहीतरी विचारलं, मुलीला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा विचारलं.

"तुह्या परीक्षेची फी कधी हाय म्हनलं."

"तारीख होऊन गेली."

"मंग लेट फी असंल. सरकारचं असं कोनतं काम हाय ज्याले लेट फी नसते?"

मुलीच्या तोंडावर हसू आलं असं मी म्हणणार नाही. पण तिने नाही म्हटलं नाही, हे मी ऐकलं.

दुपारपर्यंत पेव उपसलं. कडेची ज्वारी काळी पडली होती, मधली चांगली होती. वहिनीने दोन्हीत फरक केला नाही, सगळी रानात नेऊन उकिरड्यावर टाकायला लावली. दस्ती तिने धुऊन वाळत घातली. दोन ट्रॉली मातीने पेव बुजलं, वरून सारवलं. आता तिथे पाय ठेवला तर फक्त थोडं मऊ लागतं.

बाजाराच्या दिवशी मी इसाराचे पाच हजार व्यापाऱ्याला परत केले. त्याने ते घेतले आणि त्या दिवशीच्या पिकअपचं भाडं मागितलं नाही.

सोमवारी वहिनी मुलीसोबत शाळेत गेली. मीही होतो. परीक्षेची फी एकशे पंचवीस रुपये आणि उशिराचे पन्नास. मी खिशात हात घातला तर वहिनीने माझा हात मागे सारला. तिने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि शाळेच्या क्लार्कसमोर एकशे पंचाहत्तर रुपये मोजून ठेवले. पावती त्याने माझ्यापुढे धरली. ती तिने मधूनच घेतली आणि मुलीच्या हातात दिली.